अकरा दिवसांत आठ देश? गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचा वाद

दिग्विजयनं टूरचं पत्रक कट्ट्यावर पसरलं आणि वाद पेटला. अकरा दिवस, आठ देश. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, लिकटेन्स्टाईन, इटली, व्हॅटिकन. मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन निघायचं होतं आणि आगाऊ रक्कम दुसऱ्या दिवशी भरायची होती.

"नाद खुळा!" सुनील म्हणाला. "भरून टाक, मर्दा. परत कोण जातंय? एकदाच जायाचं तर सगळं बघून यायचं."

"कोण बघालंय?" शुभांगी म्हणाली. "गाडीतनं उतरायचं, फोटो काढायचा, परत गाडीत. आणि ह्या आठात लिकटेन्स्टाईन धरलाय. अख्खा देश १६० चौरस किलोमीटरचा. व्हॅटिकन तर अर्धा चौरस किलोमीटर सुद्धा न्हाई. रोममधनं रस्ता ओलांडला की झाला देश."

कोल्हापुरात गंगावेशीत रात्री म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून दूध देतात, आणि ग्लास हातात आला की माणूस अर्धा तास तरी हलत नाही. त्या रात्री आम्ही दोन तास हललो नाही. शुभांगी शाळेत इतिहास शिकवते, सुनीलचं गुजरीत दुकान आहे, दिग्विजयचा उद्यमनगरात कारखाना. मी पहिल्यापासून शुभांगीच्या बाजूनं होतो आणि अजूनही आहे. लांबच्या देशात जायचं तर एकदोन गावं धरावीत आणि तिथं राहावं, असं माझं ठाम मत आहे.

मी पत्रकातला पाचवा दिवस काढला. पॅरिसहून सकाळी निघून संध्याकाळी ल्युसर्न. साधारण ६०० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर-पुण्याच्या अडीचपट. युरोपात बसचालकाला कायद्यानं साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावं लागतं, आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवता येत नाही. नियम चांगला आहे, पण त्यामुळं अख्खा दिवस गाडीतच संपतो. पत्रकात मात्र तो 'स्वित्झर्लंडचा पहिला दिवस' म्हणून मोजलाय.

"गाडीतनं बी देश दिसतोय की," सुनील म्हणाला. "शेतं दिसत्यात, गावं दिसत्यात. आणि ह्याच्या पप्पांचा गुडघा दुखतोय. ते काय पाठीला बॅग लावून हिंडणार हाईत?"

हा मुद्दा खरा होता. दिग्विजयच्या वडिलांनी आजवर विमानात पाय ठेवलेला नाही. आई कांदा-लसूण खात नाही, सोमवारचा उपवास मोडत नाही. तिथली भाषा कुणाला येत नाही. टूरबरोबर मॅनेजर असतो, जेवायला वरण-भात मिळतो, व्हिसाची कागदं तेच बघतात. एवढ्या सोयी वयस्क माणसांना हव्याशा वाटणारच, आणि त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

पण गुडघा दुखतो म्हणूनच मी विरोधात बोललो. आठ देश म्हणजे जवळजवळ रोज किंवा दिवसाआड नवं हॉटेल. पहाटे उठा, बॅगा दाराबाहेर ठेवा, सातला नाश्ता, साडेसातला गाडी. जुन्या शहरांच्या मधल्या भागात मोठ्या बसना सोडत नाहीत. बस बाहेर थांबते आणि तिथून सगळ्यांना मॅनेजरच्या मागं भराभर चालावं लागतं. एकाच ठिकाणी राहणारा माणूस गुडघा ठणकला की बाकावर बसू शकतो, दुपारी खोलीवर जाऊन पडू शकतो. पन्नास जणांच्या टूरमध्ये बसून राहिलेला माणूस सगळ्यांचा खोळंबा करतो, आणि दिग्विजयचे पप्पा खोळंबा करणाऱ्यांतले नाहीत. ते दुखणं दाबून चालतील.

दिग्विजय गप्प झाला. तेवढ्यात शुभांगीनं पत्रक हातात घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. फ्लॉरेन्स: टेकडीवरून शहराचं दर्शन, मधल्या चौकात पायी फेरी, मग मुक्कामासाठी पुढं प्रयाण.

"तीन तास," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आपल्या राजाला जिथं अग्नी दिला, त्या गावात ह्या कोल्हापूरच्या माणसाला तीन तास. आणि त्याच्या स्मारकाच्या छत्रीचं नावसुद्धा न्हाई ह्यात."

सुनीलला हे माहीतच नव्हतं. कोल्हापुरात बऱ्याच जणांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. १८७० साली कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडला गेले. वय अवघं वीस. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, युरोप बघितला, आणि परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथं प्रेताला अग्नी देण्याची रीत नव्हती, त्यामुळं खास परवानगी काढावी लागली. आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते, त्या संगमावर, काशिने बागेच्या टोकाला दहन झालं. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. आपला नवा राजवाडा बांधला तोच हा मँट. शंभर वर्षांनी जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्यालाही लोक 'भारतीयाचा पूल' म्हणून ओळखतात.

"महाराजांनी प्रवासात डायरी लिहिली होती," शुभांगी म्हणाली. "ती १८७२ साली इंग्रजीत छापली. मी पोरांना सांगतो, हे विशीतलं पोरगं परदेशात जाऊन रोज काय बघितलं ते लिहून ठेवत होतं. तुम्ही निदान सहलीला गेल्यावर चार ओळी लिहा."

"मग ती छत्री टूरवाल्याला दाखवायला सांगू," सुनील म्हणाला.

नाही दाखवणार. काशिने बागेची लांबीच तीन किलोमीटरहून जास्त आहे आणि छत्री अगदी पश्चिमेच्या टोकाला आहे. मधल्या चौकातून चालत जाऊन यायलाच अर्धा दिवस पाहिजे. त्या रस्त्याला रमतगमत जाणारा माणूस लागतो. मंगळवारी सकाळी त्याच बागेत मोठा आठवडी बाजार भरतो. सोमवारी गावातलं उफित्सी चित्रसंग्रहालय बंद असतं. म्हणजे सोमवारी गल्ल्या फिरायच्या, मंगळवारी बाजार करून छत्रीला जायचं, बुधवारी चित्रं बघायची. गावात पाच दिवस असले तर असं लावता येतं.

"एवढं एका गावात राहून कंटाळा येत न्हाई?" दिग्विजयनं विचारलं.

त्याला मी कंबोडियातलं सांगितलं. अंकोरवाट बघायला एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. तिसऱ्या दिवसाला काय बघायचं म्हणून बरेच लोक एका दिवसाचाच घेतात. मी तीन दिवसांचा घेतला, आणि ते तीन दिवस सलग वापरावे लागत नाहीत, दहा दिवसांत कधीही चालतात. पहिल्या दिवशी पहाटे सगळ्यांबरोबर अंधारात तळ्याकाठी उभा राहिलो. सूर्य देवळाच्या मागून आला, शिखरं काळी दिसली, गर्दीनं फोटो काढले आणि पांगली. एका दिवसाचा पास असता तर मीही तेवढंच घेऊन आलो असतो.

दुसऱ्यांदा दुपारी तीननंतर गेलो. ऊन थेट समोरून देवळावर पडलं होतं आणि दगड सोन्यासारखा उजळला होता. तेव्हा ध्यानात आलं, हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. म्हणून पहाटे सूर्य मागं होता. आपली अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि पायांपासून वर चढत मुखापर्यंत जातं, ते लहानपणापासून बघत आलोय. अंकोरवाटला मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, पश्चिमेच्या वाटेवरून बघितलं तर सूर्य बरोबर मधल्या शिखरावर उगवतो. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्यानं विष्णूसाठी हे बांधलं. हजारो किलोमीटरवरच्या दोन देवळांत उन्हाचा असा हिशेब बघून अंगावर काटा आला.

तिसरी खेप फक्त पूर्वेकडच्या ओवरीतल्या समुद्रमंथनाच्या शिल्पासाठी केली. ४९ मीटर लांब भिंत. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, मध्ये वासुकी. खाली पाण्यात मासे आणि मगरी, मधोमध भोवऱ्यात सापडून तुटलेल्या. त्या मगरी दिसायला मला दोनदा जावं लागलं. दिग्विजयला म्हटलं, सांग, कंटाळा कधी येणार? जाताना खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाल, नाहीतर वरच्या मजल्यावर सोडत नाहीत.

सुनील ऐकणाऱ्यातला नाही. "बरं, स्वतःच जायाचं. मग व्हिसा? मुंबईत ज्या देशाची तारीख लवकर मिळंल तिथनं काढायचा. शेंगेन एकच हाय."

ही चूक खूप जण करतात. शेंगेनचा व्हिसा युरोपातल्या २९ देशांत चालतो, पण अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडं करायचा असतो. दिवस सारखे असतील तर जिथं पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडं. हॉटेलं इटलीची आणि अर्ज दुसरीकडं, अशानं नकार येतो. प्रवासाच्या सहा महिने आधी अर्ज देता येतो, त्यामुळं मे महिन्यासाठी डिसेंबरपासूनच तारीख शोधायला लागायचं. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, आणि आई-वडिलांचं वय बघता तो नीट वाचून घ्यायचा.

"आणि आईच्या जेवणाचं?"

यावर शुभांगीकडं उत्तर तयार होतं. स्वयंपाकघर असलेली जागा भाड्यानं घ्यायची. फ्लॉरेन्समध्ये मोठा भाजीबाजार आहे, भोपळी मिरची, वांगी, टोमॅटो, सगळं मिळतं. तांदूळ, डाळ, तिखट-मसाला घरून न्यायचा. जागा ठरवताना लिफ्ट आहे का हे आधी विचारायचं, जुन्या इमारतींत नसते. तिथला पाव बिनमिठाचा असतो, तो नुसता खाऊन तोंड वाकडं करायचं नाही. शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी घालून घट्ट सार करतात, त्याला रिबोलिता म्हणतात. भाकरी कुस्करून खाणाऱ्या माणसाला ते आवडणारच. त्यात कांदा असतो, म्हणून आईसाठी घरीच करायचं.

पैशाचं मी सांगितलं. दुकानात कार्ड दिलं की मशीन विचारतं, रुपयात घेऊ का युरोत. दरवेळी युरो निवडायचा. रुपये म्हटलं की दर तिथला दुकानदार आणि त्याची बँक ठरवणार आणि तो महागच पडतो. इटलीत कॉफी उभ्यानं प्यायची, बसून घेतली की बऱ्याच ठिकाणी दर वाढतो. साध्या गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय चढायचं नाही, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

"आयफेल टॉवर बघितला न्हाई म्हणून सांगशील लोकांना?" सुनीलचं शेवटचं हत्यार.

शुभांगीनं त्याला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आठवण करून दिली. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ तिथं पोलंडच्या सुमारे ५,००० निर्वासितांची छावणी होती. त्यातली तेव्हाची पोरं म्हातारपणी परत येतात. "ती माणसं पन्हाळा, जोतिबा, रंकाळा उरकायला येत न्हाईत, सुन्या. आपण राहत होतो ती जागा शोधत्यात, त्याच रस्त्यावरनं पुन्हा पुन्हा चालत्यात. पप्पांना महाराजांच्या छत्रीपाशी तसं निवांत उभं राहू दे की."

"पप्पांना विचारतो," म्हणून दिग्विजयनं तिथूनच फोन लावला. आठ देशांचं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, स्टेशनपासून छत्री किती लांब आहे आणि चालावं किती लागेल.

मी सांगितलं ते दिग्विजयनं फोनवर जसंच्या तसं सांगितलं: रोमला उतरायचं, वेगवान गाडीनं दीड तासात फ्लॉरेन्स. स्टेशनजवळून ट्राम काशिने बागेपर्यंत जाते. ट्रामनंतरचा रस्ता लांब आहे, पण सपाट आहे, झाडांच्या सावलीचा आहे. पुढं जाववलं नाही तर टॅक्सी करायची, आणि परत फिरावं लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.

सुनील अजून आयफेलवर अडलाय. दिग्विजयनं पत्रक घडी करून खिशात घातलं आणि सकाळी पैसे भरायचे नाहीत एवढं तरी ठरवलं. इटलीच्या व्हिसाचा अर्ज आता तो माझ्याबरोबर बसून भरणार आहे.