श्वेतो धावति, आणि काकांचा फॉरवर्ड

'नासाने संस्कृतला एआयसाठी सर्वोत्तम भाषा ठरवलं' हा मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतोय. मी कधी उत्तर दिलं नाही. परवा मात्र धाकट्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "चिमूने अकरावीला गणित सोडलं तरी चालेल. पुढे सगळं संस्कृतवरच आहे." त्याखाली चिमूचा अंगठा. म्हणून हे.

नासाची घोषणा: नाहीच. आहे तो १९८५ साली 'एआय मॅगझिन'मध्ये आलेला रिक ब्रिग्ज यांचा लेख. ते नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधन संस्थेत होते, एवढाच नासाचा संबंध. काका, लेख फुकट मिळतो. यंत्राला ज्ञान द्यायचं तर वाक्य फोडून कोणी, काय, कशाने अशी जाळी मांडावी, हा तेव्हाचा एआयचा खटाटोप. आपल्या वैयाकरणांनी हे आधीच केलं होतं, असं ब्रिग्ज म्हणतात. 'चैत्र गावाला जातो' म्हणजे चैत्र जिचा कर्ता, गाव जिचं कर्म, अशी वर्तमानात चाललेली क्रिया. देखणं आहे, मान्य. त्यांनी ज्यांचं नाव घेतलंय ते वैयाकरण नागेशभट्ट तर काशीत राहिलेले आपले काळे. पण ही तारीफ विश्लेषणाच्या पद्धतीची आहे. ती मराठी वाक्यालाही लागते. शिवाय आजची एआय मॉडेलं व्याकरण पाठ करून नाही, ढीगभर मजकूर वाचून तयार होतात. त्या ढिगात संस्कृत चिमूटभर.

मेसेजमधला पुढचा दावा, नासा बनवत असलेले सहाव्या आणि सातव्या पिढीचे संस्कृत सुपरकॉम्प्युटर, मुदत २०२५ आणि २०३४: २०२५ होऊन गेलं. पुढे.

'संस्कृतमध्ये एका वाक्याचा एकच अर्थ होतो.' हे लिहिणाऱ्याने दहावीला संस्कृत फक्त मार्कांसाठी घेतलं असावं. (मीही. पण मी असले मेसेज लिहीत नाही.) 'श्वेतो धावति.' पांढरा धावतो. आता संधी सोडवा: श्वा इतः धावति. कुत्रा इथून धावतो. हे उदाहरण माझं नाही, पतंजलीच्या महाभाष्यातलं आहे. ज्या भाषेत श्लेष हा अलंकार आहे, तिला एकार्थी म्हणणं हा तिच्या कवींचा अपमान आहे.

सगळ्यात घातक मुद्दा शेवटचा: संस्कृत शिकलेला एआय खोटं बोलणारच नाही, कारण व्याकरण निर्दोष. मग हे घ्या: 'एष वन्ध्यासुतो याति खपुष्पकृतशेखरः।' हा बघा वांझेचा मुलगा चाललाय, डोक्यावर आकाशातल्या फुलांचा तुरा. विभक्ती, संधी, समास, सगळं चोख. मुलगा मात्र नाही. आजचे चॅटबॉट नेमकं हेच करतात, अस्खलित भाषेत नसलेली गोष्ट सांगतात. वाक्य शुद्ध आहे की नाही ते व्याकरण सांगतं. खरं आहे का, यासाठी प्रमाण लागतं, आणि त्यावर आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, आयुष्यं घातली. फॉरवर्डवाल्याला त्यांचा पत्ताच नाही.

तरी एक कबूल करतो. नियम अगदीच अडगळीत गेलेले नाहीत. २०२४ साली आलेल्या अल्फाजॉमेट्रीत, म्हणजे भूमितीची गणितं सोडवणाऱ्या एआयमध्ये, भाषेचं मॉडेल नवी रेषा किंवा बिंदू सुचवतं, आणि नियमांवर चालणारं इंजिन त्यावरून पायरी-पायरीने सिद्धता काढतं. ते नियम भूमितीचे आहेत, काका. म्हणजे गणिताचे.

चिमू, संस्कृत घे, जरूर घे. गणिताच्या चौकटीतली खूण काढू नकोस. फॉर्म सोमवारपर्यंत बदलता येतो, मी बघितलंय.