सूज उतरण्याआधीच वेदना कशी कमी होते?

सांधेदुखीवरील उपचारांविषयीच्या एका लेखात म्हटले आहे की जैविक औषधे (जिवंत पेशींपासून तयार केलेली औषधे) सांध्यांची सूज उतरवतात आणि म्हणूनच दुखणे थांबते; हे विधान अपुरे वाटते. जर्मनीतील एरलांगेन येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला अडवणारे जैविक औषध दिल्यावर २४ तासांतच आमवाताच्या रुग्णांच्या मेंदूतील वेदनेशी निगडित सक्रियता एफएमआरआय या मेंदूची सक्रियता टिपणाऱ्या तपासणीत घटलेली दिसली. सूज मात्र तेव्हा तशीच होती. अर्थात, केवळ वेदनेच्या संदेशावर घाव घालणेही निर्धोक नाही. मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढवणाऱ्या एनजीएफ या प्रथिनाला रोखणाऱ्या टॅनेझुमॅब या औषधामुळे ऑस्टिओआर्थ्रायटिसचे (सांध्यांच्या झिजेचे) दुखणे कमी होत असे, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजल्याचे आढळले आणि २०२१ मध्ये फायझरने त्याचा विकास थांबवला. या औषधाचा उल्लेख लेखात असायला हवा होता.