हाच.

परवा वाचनालयात वीस रुपये दंड भरला. पुस्तक उशिरा दिलं म्हणून नाही, हरवलं म्हणून नाही, तर खोडरबर वापरलं म्हणून. वीस रुपयांचं काही नाही ओ, पण डोक्यातून जाईना.

एक अनुवादित खूनकथा आणली होती (नाव सांगत नाही, का ते कळेलच). बाहेर पाऊस, बायको माहेरी, खून वाचायला याहून चांगला मुहूर्त नाही. पान ३८ वर एक कंपाउंडर चहाचा ट्रे घेऊन येतो, दोन ओळींचं काम, आणि त्याच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ, बाण, आणि समासात एकच शब्द: 'हाच.' पूर्णविरामासकट. पुढची पावणेतीनशे पानं इन्स्पेक्टर माळ्यावर संशय घेतोय, पुतण्यावर घेतोय, आणि मी आपला मनात ओरडतोय, अरे बाबा तो ट्रेवाला बघ की! शेवटी तोच निघाला. रागाच्या भरात मी 'हाच' खोडला. कागद जुना, जरा पातळ झाला.

काउंटरवरच्या मॅडमनी ते पान उजेडाला धरलं. "हे खोडलंय तुम्ही?"

"मग लिहिलेलं चालतं?"

"ते काका लिहितात. जुने मेंबर आहेत," म्हणून त्यांनी हनुवटीनं पेपरच्या टेबलाकडं दाखवलं.

काका म्हणजे रिटायर्ड ऑडिटर. चष्म्याला दोरी, खिशाला पेन्सिल, पेन्सिलीला टोपण. मी पान पुढं केल्यावर त्यांनी आधी स्वतःचं अक्षर शोधलं, ते गायब बघून चेहरा असा केला की जणू मीच काहीतरी गैरव्यवहार केलाय.

"का ओ, चुकलं होतं काय?"

"चुकलं नाही काका, तीच तर बोंब आहे."

"बरोबर असून तक्रार?"

"मला शोधत शोधत वाचायचं होतं."

"शोधायचं काय त्यात? लेखकानं शोधून ठेवलंयच की." मग जवळची खुर्ची ओढून मला बसवलं. "हे बघा, एकतीस वर्षं ऑडिट केलंय. आधी क्लोजिंग बॅलन्स बघायचा, मग मागं मागं यायचं. घोटाळा सापडतोय म्हणजे सापडतोय. तुम्ही पान एकपासनं सुरू करताय आणि लेखक म्हणेल तिकडं जाताय. फसणार नाही तर काय होणार?"

मी म्हटलं, काका, फसायलाच तर आणतो आम्ही. लंडनला अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' १९५२ पासून चालू आहे, नाटक संपल्यावर नटमंडळी प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका.

काकांनी पेन्सिलीचं टोपण काढलं, परत लावलं. "आपल्या सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. धनुष्य कोण मोडणार हे पब्लिकला ठाऊक नव्हतं व्हय?"

आता नाट्यपंढरीत बसून याला काय उत्तर देणार? मी वीस रुपये भरले. पावती मिळाली नाही. ऑडिटर समोर बसलेला, त्यानं त्यावर अवाक्षर काढलं नाही, हे मात्र मी विसरणार नाही.

लहानपणी आम्ही बाबूराव अर्नाळकर भाड्यानं आणायचो. त्या माणसानं हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या झुंजारच्या आणि काळ्या पहाडच्या किती वाचल्या त्याचा हिशेब नाही, आणि आमच्याकडं यायच्या त्यातल्या निम्म्यांचं शेवटचं पान गायब असायचं. एका खुनाचा उलगडा मला अजून झालेला नाही, पन्नाशी आली. पण त्या गायब पानाबद्दल कधी राग आला नाही. तेव्हा शेवटचं पान नसायचं, आता ते ३८ व्या पानावरच येऊन बसतं.

घरी येऊन उगाच आठवलं, १९४५ ला एडमंड विल्सन नावाच्या अमेरिकन समीक्षकानं एक लेखच लिहिला होता, रॉजर अॅक्रॉइडला कुणी का मारेना, कुणाला पडलंय! ख्रिस्तीच्या १९२६ च्या कादंबरीला मारलेला टोमणा. लेख वाचनीय आहे, चिडवतो तरी वाचायला लावतो. पण त्या गृहस्थानंसुद्धा वाचनालयाच्या पुस्तकात बाण काढले नसावेत. आणि केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्या, जपानीत २००५ चं, खून कुणी केला ते सुरुवातीलाच आपल्यासमोर होतं आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही. हे काकांना द्यावं, 'हाच' लिहायला जागाच उरणार नाही, असा सूडाचा विचार आला. मग वाटलं, हा माणूस पहिल्या पानावर 'माहीत आहे' लिहील आणि परत करेल.

काल परत गेलो. मॅडम म्हणाल्या, २०१९ च्या पुरात भिजलेल्या पुस्तकांत शाई पसरली, पण काकांची पेन्सिल जशीच्या तशी. हे त्या कौतुकानं सांगत होत्या.

म्हटलं आता खून बंद. ललित लेखांचं पुस्तक उचललं, पाऊस, अंगण, आजी, त्यात कोण कुणाला मारणार? घरी आलो, चहा घेतला, उघडलं. अनुक्रमणिकेखाली, रेघ मारून:

'शेवटी काही होत नाही.'

खाली सही आणि तारीख.