थेरपिस्टच्या वेळापत्रकात तिच्यासाठीही एक तास हवा

विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम करणाऱ्या थेरपिस्टने थकल्याचे सांगितले, की योग, ध्यान किंवा चार दिवसांची रजा सुचवली जाते. योगाचा मलाही उपयोग होतो. परंतु या थकव्याचा मोठा भाग कामाच्या रचनेतून येतो, आणि तो उतरवण्याची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकणे मला मुळीच मान्य नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला एक बाई मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळताना दिसते. त्या पाऊण तासात तिचे लक्ष मुलाच्या नजरेवर, हातांवर, त्याला कोणता आवाज किंवा स्पर्श सहन होत नाही यावर असते. मूल अस्वस्थ होऊन चावले, ओरबाडले, तरी तिला आपला स्वर चढू द्यायचा नसतो. सत्र संपते न संपते तोच दारात आई विचारते, "मॅडम, हा बोलेल ना?" खोटी आशा न दाखवता आणि आहे ती आशा न मोडता याचे उत्तर देणे हे दिवसातले सर्वांत कठीण काम आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

आपल्या गोव्यात भाषेचा प्रश्नही असतो. घरी कोंकणी किंवा मराठी, शाळेत इंग्रजी, शेजारी हिंदी. मुलाशी फक्त इंग्रजीतच बोला, असे कोणीतरी सांगितलेले असते आणि आजी नातवाशी बोलायचीच थांबते. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम (स्वमग्नता) होत नाही, हे प्रत्येक घराला नव्याने समजवावे लागते. चतुर्थीच्या सुट्टीनंतर दिनक्रम विस्कटलेली मुले परत येतात, तेव्हा कित्येक महिन्यांचे काम मागे गेलेले दिसते. मानधन सत्रागणिक असेल, तर मूल न आलेल्या दिवसाचे पैसेही बुडतात.

क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्नआउटची, म्हणजे कामातून येणाऱ्या या खोल थकव्याची, तीन अंगे मांडली: भावनिक थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही भावना. मला भीती वाटते ती दुसऱ्या अंगाची. थकलेली थेरपिस्ट कामावर येत राहते, ठरलेल्या कृती करून घेते, वहीत लिहिते. पण मुलाने पहिल्यांदाच स्वतःहून तिचे बोट धरले, हे तिच्या लक्षात येत नाही. नुकसान तिथे मुलाचेही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीतही बर्नआउट हा आजार मानलेला नसून, कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणाशी तो जोडलेला आहे. मग उपायही कामाच्या ठिकाणीच व्हायला हवा.

तो उपाय म्हणजे नियमित पर्यवेक्षण. अनुभवी सहकाऱ्यासमोर बसून अडलेल्या मुलाविषयी, रागावलेल्या पालकांविषयी आणि स्वतःच्या निराशेविषयी मोकळेपणाने बोलता येईल असा, कामाच्या वेळेतला, पगारी तास. हे गोव्याला नवीन नाही. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी गोवा आणि रावळपिंडी येथे झालेल्या 'पास' अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले, तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांबरोबर काम केले, आणि या कार्यकर्त्यांमागे पर्यवेक्षणाची व्यवस्था होती. पदवीधर थेरपिस्टला त्याची गरज नाही, असे आपण का गृहीत धरतो? वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांना भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी टिकवण्यासाठी सतत शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कार्यशाळेत नवी पद्धत शिकता येते, मनावरचा भार तिथे हलका होत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. दोन सत्रांमध्ये पंधरा मिनिटे मोकळी ठेवणारे केंद्र तुमचा वेळ वाया घालवत नाही. आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलींनो, मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचारा: दिवसाला किती मुले असतील, आणि अडले तर मी कोणाशी, कोणत्या वेळी बोलायचे?