सामानाच्या लिफ्टमधले सत्पुरुष

"डिलिव्हरी तिकडून," वॉचमन माझ्याकडे न बघताच म्हणाला, आणि मी निमूट तिकडे वळलो. 'अहो, मी पाहुणा आहे' हे वाक्य मोठ्यानं म्हणावं लागणं यातच अर्धी अब्रू जाते, मग उरलेली कशाला घालवा? मित्राकडे बाराव्या मजल्यावर जायचं होतं. माझ्या हातात खोकं होतं म्हणून त्याचा गैरसमज झाला असेल, असं मित्र नंतर म्हणाला. तो चांगला माणूस आहे, म्हणून असं म्हणाला. खोक्याचा काही दोष नव्हता. माझ्या मागोमाग माझ्यापेक्षा गबाळे एक गृहस्थ आत शिरले आणि त्यांच्यासाठी तोच वॉचमन ताडकन उभा राहिला. "साहेब, मोठी लिफ्ट खालीच आहे."

"नको, मी हीच घेतो," असं म्हणून साहेब सामानाच्या लिफ्टमध्ये आले. आत मी, माझं खोकं आणि बादली घेतलेल्या एक मावशी.

साहेबांच्या टी-शर्टला भोकं होती. नीट पाहिल्यावर कळलं, ती कारखान्यातच पाडलेली होती. माझ्या शर्टाला भोकं पडतात तेव्हा ती अशी एका ओळीत पडत नाहीत.

"मी मुद्दाम याच लिफ्टनं जातो," ते म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं. "आठवड्यातून एकदा तरी. अहंकार गळतो."

गळतो म्हटल्यावर मावशींनी चटकन खाली फरशीकडे पाहिलं. ती त्यांनी नुकतीच पुसली होती.

"तुम्हीही मुद्दाम?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही, मला पाठवलंय."

"वा! कोणी, गुरूंनी?"

"वॉचमननी."

ते क्षणभर विचारात पडले. मग मान डोलवत म्हणाले, "गुरू कुठल्याही रूपात येतो."

सामानाच्या लिफ्टला घाई नसते. ती मजल्यामजल्यावर थांबते, दार उघडते, कोणी नाही याची खात्री करून घेते आणि कण्हत पुढे निघते. तेवढ्या अवकाशात मला साहेबांचं सगळं तत्त्वज्ञान ऐकायला मिळालं. ते फक्त शंभर वस्तूंवर जगतात. मोजून शंभर.

"फ्लॅट धरून?" मी विचारलं.

"फ्लॅट ही एक वस्तू."

"एकच?"

"आधी दोन होते. मग मधली भिंत काढली."

"आणि गाडी?"

"गाड्या कंपनीच्या नावावर आहेत."

"भांडीकुंडी?"

"संच धरायचा. संच म्हणजे एक." हा हिशेब त्यांनी इतक्या निर्मळ चेहऱ्यानं सांगितला की माझ्या कराचे कागद यांच्याकडूनच भरून घ्यावेत असं वाटून गेलं. "गेल्या महिन्यात एक शिसवी टेबल काढून टाकलं. काय सांगू तुम्हाला, इतकं हलकं वाटलं!"

मावशी पहिल्यांदाच बोलल्या. "साहेब, ते आम्ही दोघींनी खाली नेलं. जड होतं."

साहेब प्रसन्न हसले. त्यांना बहुधा हेही रूपक वाटलं.

इकडे मी मनातल्या मनात माझ्या वस्तू मोजायला घेतल्या होत्या आणि वायरींपाशीच अडकलो होतो. कपाटाच्या खालच्या खणात माझ्याकडे मेलेल्या फोनांच्या वायरी आहेत, एका बंद पडलेल्या मिक्सरचं झाकण आहे, कशाचे तरी स्क्रू आहेत. घरचे त्याला अडगळ म्हणतात. पण साहेबांना वायर लागली तर ते नवी मागवतील. मला लागली तर आधी तो खण उपसावा लागतो, आणि दहातून दोनदा तिथे ती मिळतेही. माझी अडगळ हा माझा विमा आहे. वस्तू फेकून हलकं वाटायला, ती पुन्हा हवी झाली तर घेता येईल याची खात्री पाठीशी असावी लागते. शंभर वस्तूंच्या यादीत ही खात्री कोणीच धरत नाही. खरं तर ती सगळ्यात मोठी वस्तू आहे.

साहेब करतात तेच रोमन सम्राट नीरोचा गुरू, तत्त्वज्ञ सेनेका करायचा. रोममधल्या बड्या धनिकांपैकी एक, आणि मित्राला सल्ला काय, तर अधूनमधून काही ठरावीक दिवस जाडंभरडं नेसावं, कमीत कमी खावं आणि स्वतःला विचारावं, 'मी भीत होतो ते हेच का?' ठरावीक दिवस! तिथेच तर सगळी गंमत आहे. जाडंभरडं नेसण्यात फारसं काही नसतं हो, मी वर्षानुवर्षं नेसतोय. टोचतं ते शेवटची तारीख माहीत नसणं.

सहाव्या मजल्यावर त्यांचं लक्ष माझ्या बॅगकडे गेलं. तिची चेन केव्हाच गेली आहे. तिथे एक सेफ्टी पिन आहे, जरा गंजलेली, टोक किंचित वाकलेली. ती लावताना कापड आधी चिमटीत धरावं लागतं, नाहीतर अंगठ्यात घुसते. साहेबांनी ती पिन दोन बोटांत धरून फिरवून पाहिली.

"किती प्रामाणिक आहे ही," ते हळूच म्हणाले. "अशी बॅग कुठे मिळते?"

"नवी मिळते. मग वापरायची."

"नाही, अशी वापरलेलीच?"

यावर मी काय बोलणार? ज्या पिनेमुळे मला खालून वळवलं, तिचंच सहाव्या मजल्यावर कौतुक चाललं होतं. अ‍ॅडम स्मिथनं 1776 साली लिहून ठेवलंय की ग्रीक आणि रोमन लोक लिननच्या सदऱ्याशिवाय मजेत जगले असतील, पण त्याच्या काळात साध्या मजुरालाही तो घातल्याशिवाय चारचौघांत यायची लाज वाटे. म्हणून तो सदरा चैनीत न धरता गरजेत धरायचा. अर्थशास्त्रातलं एवढंच मला आरपार कळलंय, आणि तेही दरवाजावर उभं राहून. साहेबांना सदऱ्याची गरज नाही, कारण त्यांचा चेहराच सदरा आहे. वॉचमन तो ओळखतो.

"सिद्ध झालंय हो," साहेब पुढे म्हणाले. "वर्षाला 75 हजार डॉलर. त्यापुढे पैशानं सुख वाढत नाही."

हे वाक्य मला आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकवलंय, ते सगळे त्या रेषेच्या वरच्या अंगाला राहतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी 2010 मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून ते मांडलं हे खरं. पण त्याच निबंधात दोन गोष्टी आणखी होत्या. त्या रेषेपर्यंत रोजचं बरं वाटणं उत्पन्नाबरोबर वाढत जातं, आणि 'एकूण आयुष्य कसं चाललंय?' याचं उत्तर तर रेषेपुढेही सुधारत राहतं. ही दोन वाक्यं कोणी लिफ्टमध्ये सांगत नाही. पुढे 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ या संशोधकाला ती रेषाच सापडेना. मग भांडत बसण्यापेक्षा तो आणि काहनेमान एकत्र बसले आणि 2023 मध्ये त्यांनी सांगितलं की पैसा थिटा पडतो तो मुख्यतः आधीच सर्वांत दुःखी असलेल्यांच्या बाबतीत. बाकी बहुतेकांचं बरं वाटणं चढतच राहतं. म्हणजे पैशानं सुख मिळत नाही हे ज्या श्रीमंताला मनापासून पटलंय, त्याची जरा विचारपूस करायला हवी.

हे सगळं मी त्यांना बोललो नाही. मजले कमी उरले होते आणि खोकं जड होत चाललं होतं. ते त्यांनी एकदाही धरलं नाही. धरलं असतं तर त्यांच्या वस्तू एकशे एक झाल्या असत्या.

आता गैरसमज नको. मला साधं राहणं आवडतं. बॅग फाटेपर्यंत वापरायला मजा येते, दुकानातून काही न घेता बाहेर पडताना मी स्वतःवर खूश असतो. संध्याकाळी खिडकीत बसून काहीच न करणं हे माझं फार जुनं सुख आहे, आणि त्याला खर्च येत नाही. पण ती खिडकी माझीच राहील, पुढच्या वर्षी भाडं वाढवून मागणार नाहीत, हे कळायला मात्र पैसाच लागतो. मग कोणीतरी भोकांचा टी-शर्ट घालून येतो आणि माझ्या ओढाताणीला साधना म्हणतो. वॉचमननं निदान मला सरळ सरळ गरीब समजून वळवलं. त्यात फसवणूक नव्हती.

अकराव्या मजल्यावर साहेब उतरले. उतरताना माझा नंबर मागून घेतला. मी दिला, कारण दार बंद होत नव्हतं. मावशींनी ते उघडलेलं दार बादलीनं अडवून धरलं होतं. त्यांनाही तिथेच उतरायचं होतं, भिंत काढलेल्या त्या फ्लॅटची फरशी पुसायला.

आता रोज पहाटे मला उगवत्या सूर्याचं चित्र येतं. त्यावर एक ओळ असते. आजची होती, 'गरजा कमी करा.' खाली निवासी शिबिराची लिंक. दोन दिवस, फोन नाही, पलंग नाही, स्वतःचं ताट स्वतः धुवायचं. शुल्क मी पाहिलं. दोनदा पाहिलं. हप्त्यांचीही सोय आहे.