पाय खरंच दुखत होता का?

मागच्या रविवारी प्रॅक्टिस संपल्यावर पोरं कट्ट्यावर बसून मोबाईलवर एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगचे, व्हिडिओ बघत होती. एका खेळाडूने रिबाउंडला, म्हणजे रिंगवर आपटून परत आलेल्या चेंडूला, उडी मारली, खाली येताना घोटा आत वळला आणि तो पाय धरून बसला. बघताना माझ्याच अंगावर काटा आला. ज्याचा घोटा एकदा वळलाय त्याला दुसऱ्याचा बघवत नाही. तेवढ्यात शेजारचा नववीतला मुलगा अगदी सहज म्हणाला, "मॅडम, कुणीतरी अंडर लावला असेल याच्यावर." बाकीची पोरं हसली.

मला नाही हसू आलं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे सगळं लिहायला बसलेय. लांबेल, पण वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेतल्या सट्ट्याच्या अ‍ॅपवर एकेका खेळाडूच्या नावापुढे आकडा असतो. समजा साडेपाच गुण. तो त्याहून जास्त करेल की कमी, यावर पैसे लावायचे. कमीवर लावले की तो अंडर. संघ जिंकला काय, हरला काय, या पैजेला काही फरक पडत नाही. आणि खेळाडूला कुणाचा अंडर लागू द्यायचा असेल तर त्याला वाईट खेळावंही लागत नाही. पाच मिनिटांनी कोचकडे जाऊन "सर, दुखतंय" म्हटलं की काम झालं.

जॉन्टे पोर्टरने नेमकं हेच केलं. टोरांटो रॅप्टर्सचा मुलगा, टू-वे करारावरचा, म्हणजे कधी मोठ्या संघात तर कधी खालच्या लीगमध्ये. २६ जानेवारी २०२४ ला क्लिपर्सविरुद्ध साडेचार मिनिटंही न खेळता बाहेर आला. कारण डोळ्याची दुखापत. २० मार्चला सॅक्रामेंटोविरुद्ध तीन मिनिटांच्या आत बाहेर. कारण बरं वाटत नाही. त्या मार्चच्या रात्री एकाने त्याच्या कमी आकड्यांवर ८० हजार डॉलर लावले होते, लागले असते तर ११ लाख मिळाले असते. फारसं कुणाला नावही माहीत नसलेल्या खेळाडूवर एवढी रक्कम आलेली बघून सट्ट्याच्या कंपनीला संशय आला आणि पैसे अडवले गेले. १७ एप्रिलला लीगने त्याला आयुष्यभरासाठी बाहेर काढलं. चौकशीत निघालं की तो दुसऱ्याच्या खात्यावरून स्वतःही एनबीएवर पैजा लावायचा. किमान १३ पैजा, मिळून ५४ हजार डॉलर. एक तर आपलाच संघ हरेल अशी होती. जुलैमध्ये ब्रुकलिनच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला.

त्या प्रकरणाच्या कागदपत्रांत एक मेसेज आहे, तो वाचल्यापासून मी या मुलावर नीट चिडूही शकत नाही. त्याचा आशय असा, की तुमच्या म्हणण्याप्रमाणे मी 'स्पेशल' केलं नाही आणि शुक्रवारपर्यंत आठ हजार दिले नाहीत, तर तुम्ही टोरांटोला येऊन मला माराल. 'स्पेशल' म्हणजे सामन्यातून लवकर बाहेर येणं. जुगारात तो कर्जबाजारी झाला होता, आणि ज्यांचं देणं होतं त्यांनी डॉलरऐवजी त्याचं शरीर मागितलं. उद्या तुझा डोळा दुखू दे. परवा तुझं पोट बिघडू दे.

आता माझी एक गोष्ट. कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची सेमीफायनल होती, सिमेंटचं कोर्ट, भर दुपार. रिबाउंड घेऊन खाली आले ती समोरच्या मुलीच्या बुटावर. घोट्यातून कट्ट असा आवाज आला, तो अजून कानात आहे. लंगडत कडेला आले. आमचे सर खाली बसले, बुटाची नाडी सोडली, अंगठ्याने एकदाच दाबून बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मागे वळून बदली खेळाडूला हाक मारली. "जमेल का?" नाही, "खरंच दुखतंय का?" नाही. आम्ही तो सामना हरलो. परतीच्या एसटीत सरांनी माझा पाय स्वतःच्या बॅगेवर ठेवायला लावला. आतून सूज किती आहे, कळ किती आहे, हे बाहेरच्याला मोजता येत नाही. खेळाडू सांगतो आणि संघ त्यावर विश्वास ठेवतो. सगळा खेळ त्या विश्वासावर उभा असतो, आणि हल्लीच्या या पैजा नेमक्या त्याच जागी हात घालतात.

पूर्वीचा सट्टा स्वच्छ होता असं मी म्हणत नाही. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने एकाच वर्षी दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, आणि १९५१ मध्ये त्यातल्याच खेळाडूंना सामन्यातला गुणांचा फरक मुद्दाम कमी ठेवण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल अटक झाली. २००७ मध्ये तर टिम डोनेघी हा रेफरीच पकडला गेला. ज्याच्या हातात शिट्टी तोच बुकींना माहिती पुरवत होता. त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. पण निकाल किंवा फरक हलवायचा तर चार-पाच जण फोडावे लागायचे, नाहीतर रेफरी तरी. आता एक घोटा पुरतो. आपल्याकडे मुंबईचा आकडा एकेकाळी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चालायचा, तारेने भाव यायचा आणि त्यावर लोक पैसे लावायचे. वाईटच होतं ते, घरं बुडाली त्यात. पण कापसाच्या गाठीला कुणी धमकी देऊ शकत नव्हतं.

मग लोक विचारतात, खेळाडूच्या खासगी जुगाराशी आपल्याला काय करायचंय? मायकल जॉर्डन नव्हता का जुगार खेळत? होता. मी जॉर्डनच्या काळातली आहे, माझ्या खोलीत त्याचं पोस्टर होतं, म्हणून हे सोपं करून सांगणार नाही. मे १९९३ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या दुसऱ्या सामन्याच्या आदल्या रात्री तो अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत होता. दुसऱ्या दिवशी ३२ पैकी १२च शॉट आत गेले, त्याचा संघ शिकागो हरला, आणि केवढा गदारोळ झाला. त्याच मालिकेच्या चौथ्या सामन्यात त्याने ५४ गुण केले आणि शिकागोने मालिका ४-२ अशी जिंकली. त्याने मैदानावर कधी हात आखडता घेतला असं त्याचा शत्रूही म्हणणार नाही. लीगच्या चौकशीतही त्याने बास्केटबॉलवर पैसे लावल्याचं काही निघालं नाही. त्याची १९९३ ची निवृत्ती म्हणजे लीगने गुपचूप दिलेली शिक्षा होती, ही अफवा अजून फिरते. तिला कसलाही पुरावा नाही. त्या जुलैत त्या माणसाच्या वडिलांचा खून झाला होता, एवढं तरी लक्षात ठेवावं.

मला जॉर्डनचं खटकतं ते वेगळंच. स्लिम बूलर नावाच्या, गुन्हेगारी धंद्यातल्या माणसाकडे जॉर्डनचा ५७ हजार डॉलरचा चेक सापडला. आधी सांगितलं गेलं की ते कर्जाऊ दिलेले पैसे. १९९२ मध्ये कोर्टात शपथेवर सांगावं लागलं की गोल्फ आणि पत्त्यांत हरलेली रक्कम. माझ्या दृष्टीने कॅसिनोतल्या रात्रीपेक्षा हे मोठं आहे. जगातला सगळ्यात आवडता खेळाडू अशा माणसाचा देणेकरी झाला आणि त्याला ते लपवावंसं वाटलं. जॉर्डनपाशी चेक लिहायला पैसे होते, म्हणून गोष्ट तिथे थांबली. पोर्टरपाशी नव्हते. आपण एकाच्या सवयीला जिंकण्याची भूक म्हटलं आणि दुसऱ्याच्या सवयीला गुन्हा. पोर्टरने खेळाला दगा दिला आणि जॉर्डनने दिला नाही, हा फरक मी पुसत नाहीये. पण या दोघांच्या चारित्र्यात आपण जेवढं अंतर मानतो, त्यातलं बरंचसं बँक बॅलन्सचं आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

जॉर्डनच्याच काळातला मोठा खेळाडू चार्ल्स बार्कली याने जुगारात सुमारे एक कोटी डॉलर घालवल्याचं स्वतः उघड सांगितलं. अँटोइन वॉकरने कारकिर्दीत दहा कोटींहून जास्त डॉलर कमावले, २००६ मध्ये मायामीकडून विजेतेपद मिळवलं, आणि २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅसिनोंची देणी त्यात होतीच. गिल्बर्ट अरिनास आणि जव्हारिस क्रिटेंटन या एकाच संघातल्या खेळाडूंचं विमानात पत्त्यांच्या जुगारावरून भांडण झालं आणि डिसेंबर २००९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या ड्रेसिंग रूममध्ये पिस्तुलांपर्यंत गेलं. म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये उधारी आहे हे लीगला पंधरा वर्षांपासून माहीत आहे.

आणि तरी लीगने काय केलं? २०१४ मध्ये कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून मागणी केली की क्रीडा सट्टा कायदेशीर करा आणि नियमांत आणा. त्यांचा मुद्दा मला तेव्हा पटला होता, अजूनही निम्मा पटतो. चोरून चालतं त्यापेक्षा उजेडात चाललेलं बरं. पोर्टर सापडला तोही उजेडातल्या कंपनीला आकडा खटकला म्हणूनच. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जुनी बंदी रद्द केली आणि एकेका राज्यात दारं उघडली. पण नियमांत आणणं वेगळं आणि स्वतः भागीदार होणं वेगळं. आज सामना बघायला बसलं की सट्ट्याच्या जाहिराती संपत नाहीत. पोर्टरनंतर टू-वे आणि दहा दिवसांच्या करारवाल्यांवरचे अंडर बंद झाले. फक्त त्यांच्यावरचे! जणू लाखो डॉलर कमावणाऱ्याला कधी कर्ज होतच नाही. वॉकरचं उदाहरण समोर असताना हे कसं काय पटलं कुणाला? कुठल्याच खेळाडूच्या कमी खेळण्यावर पैसे लावता येता कामा नयेत. यात मला मधला रस्ता दिसत नाही.

एवढं बोलून झाल्यावर मला कॉनी हॉकिन्सबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर मीही त्या कट्ट्यावरच्या पोरांसारखीच. ब्रुकलिनचा गरीब घरातला मुलगा, १९६१ मध्ये आयोवा विद्यापीठात पहिल्या वर्षाला. जॅक मोलिनासकडून त्याने २०० डॉलर उसने घेतले होते, ते त्याच्या भावाने परतही केले. हा मोलिनास म्हणजे स्वतःच्या संघावर पैजा लावल्याबद्दल १९५४ मध्ये एनबीएतून हाकललेला आणि पुढे कॉलेजचे सामने फिरवणारा माणूस. हॉकिन्सवर कधी गुन्हाही दाखल झाला नाही. पण विद्यापीठाने काढलं आणि एनबीएने दार बंद केलं. उमेदीची आठ वर्षं तो इकडेतिकडे खेळत राहिला. शेवटी लीगवर दावा लावला तेव्हा १९६९ मध्ये समझोता झाला आणि २७ व्या वर्षी तो फिनिक्सकडून उतरला. १९९२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. ती आठ वर्षं कोण भरून देणार होतं? दोनशे डॉलरची उसनवारी आणि एक संशय, एवढ्यावर.

म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये एनबीएतल्या लोकांना जुगार-सट्ट्याच्या प्रकरणांत अटक झाली, तिच्याबद्दल मी निकाल देणार नाही. चॉन्सी बिलप्स, २००४ च्या फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू, अटकेच्या वेळी पोर्टलंडचा कोच. त्याच्यावर आरोप आहे की माफियाशी जोडलेल्या बनावट पोकरच्या टेबलवर, पत्ते पिसणाऱ्या, छेडछाड केलेल्या यंत्रांसकट, लोकांना ओढायला त्याचं नाव वापरलं गेलं आणि त्याला ते ठाऊक होतं. टेरी रोझिअर या खेळाडूवर आरोप आहे की २३ मार्च २०२३ ला न्यू ऑर्लिअन्समध्ये आपण लवकर बाहेर येणार हे त्याने मित्राला आधीच सांगितलं आणि त्यावर दोन लाखांहून जास्त डॉलर लागले. दोघांनीही कोर्टात आरोप नाकारले आहेत.

त्या रात्री रोझिअर साडेनऊ मिनिटं खेळला आणि पायाचं कारण सांगून बाहेर बसला, पुन्हा आलाच नाही. पुरावे काय सांगतात ते कोर्ट बघेल. मला माझ्यापुरतं एवढंच वाटतं, अगदी मनापासून वाटतं, की त्याचा पाय त्या रात्री खरंच दुखत असावा.