'धग'मधली कौतिक मला घरातलीच वाटली

ज्यात आपलं गाव, आपली बोली सापडते तीच कादंबरी मनात घर करते, असं तुमच्या कादंबऱ्यांच्या यादीवरच्या लेखात म्हटलंय. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पुरतं ते पटलं. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडच्या लोकांना त्यातला माणदेश आपलाच वाटतो. पण माझी सगळ्यात जवळची कादंबरी उद्धव शेळके यांची 'धग'. १९६० सालची, वऱ्हाडातली, संवादही वऱ्हाडी. आणि मी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. सुरुवातीची पानं चाचपडतच वाचली. कादंबरीची नायिका कौतिक उमगली आणि मग पुस्तक खाली ठेववेना.

कारण तशी बाई मी रोज बघत होते. आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. कातरलेल्या पानात तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा; हात चालू आणि तोंडाने घरभाडं, किराणा, आमची फी यांचा हिशेबही चालू. कौतिकही अशीच, नवऱ्यात धमक नाही म्हणून सगळा संसार एकटीने ओढणारी. शेळके तिला देवी करत नाहीत, ही मला या कादंबरीची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. ती चिडते, खचते, परत कामाला लागते.

आईला वाचता येत नव्हतं. रात्री मी तिला ही गोष्ट तेलुगूत सांगायचे. "त्या बाईचं पुढं काय झालं?" असं ती विचारायची, तेव्हा शेवटाकडचं सांगणं फार जड गेलं.

तुमच्या यादीत 'धग' नाही, याचं वाईट वाटलं. तिच्यावर एक स्वतंत्र लेख जरूर लिहा.